ह्युएन त्संगच्या वाटेवरचा चित्रकार : हिरायामा इकुओ

जपानची प्राचीन राजधानी नारा येथे याकुशी-जी नावाचे मंदिर आहे. भैषज्यगुरू बुद्धाला वाहिलेल्या या मंदिराची मूळ स्थापना सातव्या शतकातील. त्याच्या आवारात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याच्या स्मरणार्थ एक नवे दालन बांधण्यात आले असून त्यात ३१ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दिवशी, एक चित्रमालिका बुद्धचरणी अर्पण करण्यात आली. तेरा फलकांवर सात दृश्ये, आणि सर्व फलकांची मिळून लांबी ४९ मीटर. चीनमधील छांगआन नगरीच्या पहाटेपासून ही यात्रा सुरू होते. वाळवंटातील उद्ध्वस्त नगरे, हिमाच्छादित पर्वत आणि बामियानची लेणी ओलांडून ती भारतात येते व नालंदाच्या चांदण्यात संपते. त्या शेवटच्या चांदण्याच्या आधीचे दृश्य कोणते? त्याचे शीर्षक आहे, ‘दख्खनच्या पठारावरील संध्याकाळ’.

हे शीर्षक प्रथम वाचले तेव्हा आम्ही क्षणभर थांबलो. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी सोडलेले किंवा ज्याच्या कडेकडेने आपली घराणी वसली ते हे पठार. त्यावरची संध्याकाळ एका जपानी चित्रकाराने आपल्या देशातील मंदिरात कायमची नेऊन ठेवावी, याचे कारण काय असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना हिरायामा इकुओ या चित्रकाराच्या चरित्राशी आमचा परिचय झाला. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते, हिरायामा हे आडनाव.) तोच परिचय वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ह्युएन त्संगविषयी दोन शब्द. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात हा तरुण भिक्षू शासनाची परवानगी नसताना चीनमधून निघाला. बौद्ध ग्रंथांचे मूळ संस्कृत पाठ पाहावेत, भाषांतरांतील शंका फिटाव्यात, एवढाच त्याचा हेतू होता. नालंदा येथे अध्ययन करून आणि भारतभर हिंडून तो ६४५ साली परतला तेव्हा त्याच्यापाशी ६५७ ग्रंथ होते. या भ्रमंतीत साधारण ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या पराक्रमाचे आणि या प्रदेशातील लोकांच्या मानी स्वभावाचे त्याने केलेले वर्णन आपल्या इतिहासग्रंथांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. पूर्वेकडील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचा आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचाही उल्लेख त्याने केला आहे. तो विहार म्हणजे अजिंठा होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो स्वतः तेथे पोचला की त्याने ऐकीव माहिती नोंदवली, एवढाच मतभेद आहे. दोशो नावाच्या जपानी भिक्षूने पुढे चीनमध्ये जाऊन याच ह्युएन त्संगपाशी अध्ययन केले आणि त्याचे दर्शन जपानात नेले. याकुशी-जी हे त्या परंपरेचे आजचे प्रमुख पीठ. ह्युएन त्संगचे दालन तेथे का, याचा उलगडा यातून होतो.

आता चित्रकाराकडे वळू. हिरायामांचा जन्म १५ जून १९३० रोजी हिरोशिमा प्रांतातील सेतोदा या गावी झाला. दक्षिण जपानमधील बेटांनी भरलेल्या अंतर्गत समुद्रातील इकुची नावाच्या लहान बेटावर हे गाव आहे. माध्यमिक शिक्षणासाठी मुलगा हिरोशिमा शहरी आला. ते युद्धाचे दिवस होते. वर्ग बंद पडले आणि विद्यार्थी युद्धसाहित्याच्या कामाला जुंपले गेले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी पंधरा वर्षांचा इकुओ लष्कराच्या शस्त्रभांडाराच्या आवारात कामावर हजर होता. सकाळी आकाशातून हवाईछत्र्या उतरताना त्याला दिसल्या. मित्रांना ते सांगावे म्हणून तो लाकडी शेडमध्ये शिरला, आणि त्याच क्षणी प्रकाशाचा लोळ उठला. त्या शेडच्या आडोशाने तो वाचला. जळणाऱ्या शहरातून, मदतीची याचना करणाऱ्या माणसांमधून वाट काढत तो बाहेर पडला आणि अखेर आपल्या बेटावर पोचला. त्याच्या शाळेतील अनेक विद्यार्थी व शिक्षक त्या दिवशी मृत्यू पावले. आपण एकाचाही हात धरू शकलो नाही, ही टोचणी त्यांना जन्मभर पुरली. शरीरात भिनलेला किरणोत्सारही पुढे अनेक वर्षे त्यांचा पाठलाग करीत राहिला.

त्यांच्या आजीचे बंधू शिमिझु नानझान हे धातूवरील कोरीवकामाचे नामांकित कारागीर आणि कलाशाळेतील अध्यापक होते. त्यांच्या सल्ल्याने हा मुलगा १९४७ साली तोक्योच्या कलाशाळेत जपानी चित्रकलेच्या विभागात दाखल झाला. या विभागाच्या नावातच एक इतिहास दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने पाश्चात्त्य विद्या झपाट्याने आत्मसात केल्या, तेव्हा तैलचित्रांच्या लाटेपुढे देशी चित्रपद्धती नामशेष होते की काय, अशी चिंता काही विचारवंतांना वाटू लागली. ओकाकुरा काकुझो हे त्यांतील अग्रणी. १९०२ साली ते भारतात होते आणि कलकत्त्याच्या ठाकूर परिवाराशी त्यांचा घनिष्ठ स्नेह जडला होता. अशा मंडळींच्या प्रयत्नांतून ‘निहोंगा’, म्हणजे जपानी चित्र, ही संज्ञा रूढ झाली. यात खनिजे दळून केलेले रंग वापरतात. निळ्यासाठी अझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट, पांढऱ्यासाठी शिंपल्यांची भुकटी. आणि हे सारे प्राणिज सरसात कालवून कागदावर किंवा रेशमावर थरांवर थर देत लावायचे. दाणा जितका जाड तितका रंग गडद, जितका बारीक तितका फिका. काम संथ असते, आणि हाताला घाईची सवय असेल तर ते साधत नाही.

या शाळेचा एक दंडक होता. विद्यार्थ्याने आधी जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करायच्या. हिरायामांचे गुरू माएदा सेइसोन हे स्वतः या विद्येतील अधिकारी पुरुष. आजच्या काळात ‘नक्कल’ या शब्दाला कमीपणाचा वास येतो. परंतु आमचे आयुष्य शासकीय सेवेत गेले आणि त्यातील काही वर्षे महसुली अभिलेखांच्या सान्निध्यात गेली. तेथे ‘खरी नक्कल’ या शिक्क्याचे मोल आम्ही जवळून पाहिले आहे. मूळ कागद वाळवीने खाल्ला, पाण्याने भिजला, तर एखाद्या कुटुंबाच्या जमिनीला उरणारा साक्षीदार म्हणजे कुणा अनाम कारकुनाने इमानाने उतरून काढलेली ती नक्कल. तिच्यात कारकुनाचे स्वतःचे एक अक्षरही नसते. म्हणूनच ती विश्वासार्ह ठरते. हिरायामांची कारकीर्द समजून घ्यावयाची तर ‘नक्कल’ या शब्दाला हा जुना मान परत द्यावा लागतो.

१९५२ साली ते पदवीधर झाले आणि त्याच संस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्यांच्याच वर्गात मात्सुयामा मिचिको नावाची विद्यार्थिनी होती. वर्गातील पहिला क्रमांक तिचा, हिरायामांचा दुसरा. १९५५ साली दोघांचा विवाह झाला. एका घरात दोन चित्रकार नांदत नाहीत, असे गुरूंनी सुचवल्यावर मिचिकोबाईंनी कुंचला खाली ठेवला. पुढील पाच दशके प्रवासांची आखणी, टिपणे, संग्रहाची देखरेख हे सारे त्यांनी सांभाळले. ह्या त्यागाची नोंद चरित्रकार एका वाक्यात करतात. आमच्या मते ती त्याहून मोठी आहे. चित्रे एकाच्या नावावर लागली, तरी जे घडले ते दोघांचे होते.

प्रारंभीची चित्रे बेटावरच्या जीवनाची होती. १९५३ साली प्रतिष्ठित ‘इन्तेन’ प्रदर्शनात त्यांचे पहिले चित्र स्वीकारले गेले; परंतु पुढे काही वर्षे त्यांना आपली वाट सापडेना. त्यातच किरणोत्साराच्या परिणामाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू लागल्या. १९५९ च्या सुमारास, विद्यार्थ्यांना घेऊन ते उत्तरेकडील हाक्कोदा पर्वतात रेखाटनासाठी गेले, तेव्हा चालणेही कठीण व्हावे अशी त्यांची अवस्था होती. तोक्योला ऑलिंपिक सामने होणार हे त्याच वर्षी ठरले होते. ज्योत प्राचीन रेशीम मार्गाने आणावी, अशा आशयाचा एक लहानसा मजकूर त्यांच्या वाचनात आला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे त्याच मार्गाने ग्रंथ घेऊन परतणारा ह्युएन त्संग उभा राहिला. मरणाच्या छायेत वाळवंट ओलांडून, शेवटी हिरव्यागार भूमीत पोचलेला यात्रिक. मरण्यापूर्वी मनःशांतीचे एक तरी चित्र काढावे, या इच्छेने त्यांनी ते चित्र केले. त्याचे नाव ‘बुक्क्यो देनराय’, म्हणजे ‘बौद्धधर्माचे आगमन’. घोड्यावर स्वार झालेले दोन भिक्षू, एक घोडा पांढरा, दुसरा काळसर. एक भिक्षू हात पुढे करून वाट दाखवतो आहे, आणि भोवती झाडे व पक्षी. १९५९ च्या प्रदर्शनात ते लागले आणि समीक्षकांचे लक्ष या तरुणाकडे वळले. हळूहळू प्रकृतीही सुधारली. या घटनेत चमत्कार शोधण्याचे कारण नाही. मात्र या माणसाला आपला विषय त्या चित्रात सापडला, हे निश्चित. १९६२ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते युरोपात गेले आणि पूर्वेच्या व पश्चिमेच्या धर्मकलेचा तौलनिक अभ्यास त्यांनी केला.

यानंतरचा अध्याय आपल्या अजिंठ्याशी नाते सांगणारा आहे. नाराजवळच्या होर्यू-जी या मंदिराच्या सुवर्णमंडपात सातव्या शतकाच्या अखेरीची भित्तिचित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्वाच्या मुखाकडे पाहताना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची आठवण अनेक अभ्यासकांना झाली आहे. १९४० पासून या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम चालू होते. त्या चित्रकारांत आराई काम्पो हे वयोवृद्ध गृहस्थ होते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून पहिल्या महायुद्धाच्या काळात ते भारतात आले होते आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती त्यांनी जपानात नेल्या होत्या. १९२३ च्या तोक्यो भूकंपात त्या जळून नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या प्रतिकृतींना जणू अग्नीचा शापच होता. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेली चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकी बरीच १८८५ साली लंडनमध्येच भस्मसात झाली. आराई यांनी आयुष्याच्या संध्याकाळी पुन्हा तेच काम हाती घेतले. ते पुरे होण्यापूर्वी १९४५ साली त्यांचे निधन झाले.

आणि मग २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे होर्यू-जीच्या त्या मंडपातच आग लागली. प्रतिकृती करणाऱ्या चित्रकारांनी थंडीसाठी वापरलेल्या विजेच्या उबदार उशीतून ती लागली असावी, असा संशय घेतला गेला. जतनासाठी चाललेले कामच नाशाला निमित्त झाले, असे म्हणण्याची वेळ आली. बारा मोठ्या भिंतींवरील रंग होरपळून गेले. साऱ्या जपानला हा धक्का होता. १९५० साली सांस्कृतिक वारसा रक्षणाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा दिवस तेथे वारसास्थळांच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून आजही पाळला जातो.

अठरा वर्षांनी, १९६७ मध्ये, ती चित्रे नव्याने उभी करण्याचे ठरले. चार ज्येष्ठ चित्रकारांच्या हाताखाली पथके नेमली गेली आणि माएदांच्या पथकात हिरायामा होते. १९३५ साली मूळ आकारात काढून ठेवलेली छायाचित्रे आणि आधीच्या प्रतिकृती यांच्या आधारे, सुमारे वर्षभरात बाराही भिंतींचे काम पुरे झाले. आज त्या मंडपात भाविक जे पाहतात ते हे पुनर्लेखन होय. होरपळलेल्या मूळ भिंती वेगळ्या कोठारात जपून ठेवल्या आहेत. पुढे १९७२ साली आसुका येथे ताकामात्सुझुका ही प्राचीन समाधी उघडली गेली आणि तिच्या भिंतींवर रंगीत वस्त्रे ल्यालेल्या स्त्री-पुरुषांची चित्रे आढळली. त्यांच्या प्रतिकृतींचे काम १९७३ मध्ये सुरू झाले तेव्हाही हिरायामा गुरूंसोबत होते. काही दशकांनी त्या मूळ चित्रांवर बुरशी चढली, आणि २००७ साली समाधीचा दगडी गाभारा सुटा करून बाहेर काढावा लागला. मूळ रंग ताजे असताना उतरून घेतलेल्या प्रतिकृतींचे महत्त्व त्या वेळी सर्वांना पटले.

प्रवास हे त्यांच्या कारकिर्दीचे दुसरे अंग. १९६६ मध्ये विद्यापीठाच्या अभ्यासपथकाबरोबर ते तुर्कस्तानात कापादोकिया येथील खडकात कोरलेल्या ख्रिस्ती चर्चमधील भित्तिचित्रे उतरून घेण्यासाठी गेले. १९६८ साली मध्य आशिया व अफगाणिस्तान, आणि तेथे बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ती त्यांनी पाहिल्या. १९७५ मध्ये चीनचे दार उघडले. १९७९ मध्ये दुनहुआंगच्या लेण्यांत त्यांनी पाऊल ठेवले. होर्यू-जीच्या भिंतींवर उतरवलेल्या रेषांचे गोत्र तेथे त्यांना ओळखीचे वाटले. इराण, इराक, सीरिया, पाकिस्तान, भारत असे त्यांचे प्रवास शंभराहून अधिक झाले. बरोबर पत्नी, हाती रेखाटनवही. उंटांचे तांडे, पडक्या वेशी, वाळवंटातील चंद्र आणि नदीकाठची माणसे त्या वह्यांतून मोठ्या चित्रांत आली. वाटेवर मिळालेल्या मूर्ती, नाणी, वस्त्रे यांचा संग्रहही वाढत गेला. आज तो यामानाशी प्रांतातील त्यांच्या रेशीम मार्ग संग्रहालयात आहे. जन्मगावी सेतोदा येथेही १९९७ पासून त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उभे आहे.

एवढे हिंडूनही एक ठिकाण त्यांच्या कुंचल्याने टाळले होते, आणि ते म्हणजे हिरोशिमा. हे चित्र त्यांनी काढले १९७९ साली, घटनेनंतर चौतीस वर्षांनी. ‘हिरोशिमा शोहेन्झु’ या सहा पाटांच्या चित्रात जवळजवळ सारा अवकाश लाल ज्वालांनी व्यापलेला आहे. तळाशी जळणारे शहर, त्यात तो परिचित घुमट. प्रेते किंवा आक्रोश करणारी माणसे त्यात दिसत नाहीत. वर ज्वालांमध्ये फुदो म्योओ उभा आहे. हा देव म्हणजे आपल्याकडील वज्रयान परंपरेतला अचल, ज्वालांच्या वलयात स्थिर उभा राहणारा रक्षक. शहराला तो जगण्याची आज्ञा करतो आहे, असा हिरायामांचा भाव होता. प्रत्यक्ष पाहिलेले भीषण दृश्य जसेच्या तसे रंगवण्याचा अधिकार त्यांच्याइतका क्वचितच कुणाला होता. त्यांनी तो वापरला नाही. कदाचित याच कारणाने ते चित्र पाहणाऱ्याला दूर लोटत नाही, जवळ बोलावते.

पुढील काळात चित्रकार हिरायामांच्या जोडीला प्रशासक हिरायामा उभे राहिले. १९८९ साली ते तोक्यो कलाविद्यापीठाचे अध्यक्ष झाले. २००१ ते २००५ या काळात पुन्हा तेच पद त्यांनी भूषवले. युनेस्कोचे सदिच्छादूत म्हणूनही त्यांची नियुक्ती झाली. युद्धात जखमी सैनिकाची शुश्रूषा रेडक्रॉस शत्रू-मित्र न पाहता करते, तशी जखमी वारशाची शुश्रूषा करणारी व्यवस्था असावी, ही त्यांची कल्पना. ‘सांस्कृतिक वारशाचा रेडक्रॉस’ असे तिचे नाव त्यांनी ठेवले होते. ती भाषणापुरती राहिली नाही. आपल्या चित्रांच्या विक्रीतून आलेली मोठी रक्कम त्यांनी दुनहुआंगच्या लेण्यांसाठी दिली. कंबोडियातील अंगकोरच्या रक्षणात ते पुढे होते. उत्तर कोरियातील कोगुर्यो काळाच्या चित्रित समाधी जागतिक वारशाच्या यादीत याव्यात म्हणून, दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नसतानाही, त्यांनी त्या देशाला वारंवार भेटी दिल्या. २००४ साली त्या यादीत आल्या. आणि सर्वांत नाजूक काम नानजिंगचे. १९३७ साली जपानी सैन्याने ज्या शहरात अनन्वित अत्याचार केले, त्याच शहराच्या जुन्या तटबंदीच्या दुरुस्तीसाठी १९९५ पासून त्यांनी जपानी नागरिकांचे साहाय्य उभे केले. अणुबॉम्बने पोळलेल्या माणसाने आपल्या देशाच्या हातून झालेल्या अपराधाच्या जागी विटा रचायला जावे, यातले मर्म वेगळे सांगण्याची गरज नाही. १९९८ साली जपानचा ‘सांस्कृतिक सन्मान’ आणि २००१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना लाभला.

याकुशी-जीच्या चित्रमालिकेचा संकल्प त्यांनी मंदिराचे तत्कालीन महंत ताकादा कोइन यांच्यापाशी केला होता. अभ्यास, प्रवास आणि प्रत्यक्ष काम धरून वीस वर्षांहून अधिक काळ गेला. महंत १९९८ साली निवर्तले. पूर्तीचा दिवस त्यांना दिसला नाही. तो दिवस उजाडला आणि अवघ्या दोन महिन्यांत, मार्च २००१ मध्ये, तालिबानने बामियानच्या ५५ व ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडवून दिल्या. ह्युएन त्संगने तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलेल्या, त्याच्या लेखणीने नोंदलेल्या त्या मूर्ती. याकुशी-जीच्या भिंतीवर बामियान नुकतेच रंगले होते, आणि तिकडे मूळ स्थळी मूर्ती उरल्या नाहीत.

मूर्ती पुन्हा उभाराव्यात काय, असा वाद जगभर सुरू झाला. आयुष्यभर प्रतिकृतींची साधना केलेला हा माणूस पुनर्बांधणीच्या बाजूने उभा राहील, अशी कुणाचीही अपेक्षा असती. त्यांनी उलट भूमिका घेतली. ते कोनाडे रिकामेच राहू द्यावेत. माणूस आपल्याच वारशाचे काय करू शकतो याची ती साक्ष आहे, हिरोशिमाच्या घुमटासारखी. यात विसंगती आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. होर्यू-जीची आग अपघात होती. पूजेचे स्थान पुन्हा सजवणे तेथे उचित होते. बामियान हे जाणूनबुजून केलेले कृत्य होते. ते झाकणे म्हणजे पुराव्यात फेरफार करणे. खरी नक्कल कोठे करावी आणि कोठे कोरी जागा तशीच ठेवावी, हे प्रामाणिक नक्कलकारालाच नेमके कळते.

याच सुमारास अफगाणिस्तानातून चोरट्या मार्गाने बाहेर पडलेल्या प्राचीन वस्तू जपानच्या बाजारातही येत होत्या. हिरायामांनी त्यांना ‘निर्वासित वारसा’ मानले. अशा वस्तू मिळवून, त्यांची निगा राखून, त्या देशात शांतता झाल्यावर परत करायच्या, या अटीवर त्यांनी संग्रह सुरू केला. त्यात आय खानूम या ग्रीक नगरीतील झ्यूसच्या भव्य मूर्तीच्या पायाचा संगमरवरी अवशेषही होता. हिरायामा २ डिसेंबर २००९ रोजी निवर्तले. त्यांच्यानंतर, २०१६ साली, अशा १०२ वस्तू तोक्योत प्रदर्शित करून अफगाणिस्तानला परत देण्याचे ठरले आणि त्या सुपूर्द झाल्या. २०२१ मध्ये त्या देशात पुन्हा तालिबानची सत्ता आली. परतीचा निर्णय योग्य होता काय, असा प्रश्न कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, ठेव मालकाला देणे एवढेच विश्वस्ताच्या हाती असते. मालकाच्या घरातील उद्याचे संकट हे ठेव दाबून ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. तथापि हा प्रश्न सोपा नाही, हेही आम्ही मान्य करतो.

त्यांच्या चित्रांविषयी सर्वांचे एकमत आहे असे नाही. तेच उंट, तोच चंद्र, तीच निळाई. उत्तरकाळात विषय पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि मागणीने चित्रकाराची पाठ सोडली नाही, असा आक्षेप घेता येतो, आणि तो निराधार नाही. लोकप्रियतेची किंमत त्यांना मरणोत्तरही मोजावी लागली. त्यांच्या आणि अन्य नामवंतांच्या चित्रांच्या बनावट मुद्राप्रती बाजारात विकल्या गेल्याचे प्रकरण २०२१ साली जपानमध्ये उघडकीस आले. ज्या माणसाने आयुष्यभर प्रामाणिक प्रतिकृतींचा मान राखला, त्याच्याच नावावर खोट्या प्रती खपवल्या जाव्यात, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. दोहोंतील फरक मात्र यातून अधिक स्पष्ट होतो. एक नक्कल मूळ वस्तू टिकावी म्हणून केली जाते. दुसरी मूळ वस्तूचे नाव विकून खाण्यासाठी.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. दख्खनची संध्याकाळ नाराच्या मंदिरात का आहे? कारण हिरायामांच्या लेखी ती परकी नव्हती. त्यांच्या देशाने जे पूज्य मानले, त्याची वाट या पठारावरून गेली होती. आणि ती वाट तुडवणाऱ्या यात्रिकाचे ऋण त्यांना फेडायचे होते. ते त्यांनी चित्राने फेडले, प्रतिकृतींनी फेडले आणि परत दिलेल्या वस्तूंनीही फेडले.

आपण मंडळी मूळ भूमीपासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या भाषांच्या सहवासात राहत आलो. आपल्या घरांच्या माळ्यांवर मोडी कागदांची दप्तरे, वंशावळी, सनदा, आजीच्या हस्ताक्षरातील ओव्यांच्या वह्या अजूनही पडून असतील. त्यांची खरी नक्कल काढून ठेवणारा हात प्रत्येक घराण्यात आहे काय? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारला, आणि उत्तर फारसे समाधानकारक आले नाही. या लेखाचे टिपण पुरे झाल्यावर आम्ही आमच्या घरातील जुनी पेटी उघडली आहे. निम्मे कागद वाचता येतात, निम्मे शिकून वाचावे लागतील. काम संथ आहे. ह्युएन त्संगलाही परतायला सोळा-सतरा वर्षे लागली होती.